पंपाचा आवाज मी सांगते

माझं माहेर नागपूरचं, इतवारीचं. तिथं मागच्या बोळीत माझ्या बापाची भट्टी होती, फुटाण्याची, मुरमुऱ्याची, भाजल्या शेंगांची. आता ती नाई, आता तिथं प्लास्टिकच्या बादल्या विकतात. पण तेव्हा सकाळपासून भट्टी पेटली राहे अन् आमी चारही बहिणी तिच्याच भोवती लहानाच्या मोठ्या झालो. मी तिसरी. काय सांगू जी तुमाले, शाळेत माझं ध्यान नसे, भट्टीवर मात्र असे. कढईत रेती तापवायची, त्यात चणा टाकायचा अन् मंग पाहायचं नाई, आयकायचं. माझा बाप म्हणे, इंदू, या धुरात डोळ्याले काय दिसते, कान लाव. चणा आधी नुसता रेतीत घासल्यासारखा वाजते, मंग तडतड होते, मंग सारे मिळून एकदम फुटतात, अन् तो आवाज जरासा उतरला का लगेच चाळणीत काढायचं. थोडाही उशीर केला का करपला घाणा. मी सात-आठ वर्षांची असेल तेव्हापासून बाप मलेच विचारे, झालं का वं? मी झालं म्हटलं का तो काढे. स्वतः पाहत नसे. एवढा भरोसा.

लग्न होऊन मी हिंगण्याले आली. नवरा एमआयडीसीत पंपाच्या कंपनीत होता. नाव मी घेत नाई, सवय नाई, रंजूचे बाबा म्हणते. रंजू आमची पोरगी, एकच आहे. तर रंजूचे बाबा टेस्टिंगवर होते. म्हणजे कसं, पंप तयार झाला का त्याले हौदावर लावायचा, चालू करायचा, किती पाणी ओढते, किती फेकते, किती वीज खाते, सारं पाहायचं अन् मंगच त्याच्यावर शिक्का पडे. पत्र्याची शेड अन् आत आठ-आठ दहा-दहा पंप एकाच वेळी चालू. मी एकदा डबा घेऊन गेली होती तर दारातूनच परत आली, छातीत धडधड होऊन राहिली होती. अन् हे तिथं सव्वीस वर्षं उभे राहिले. कानात घालाले कंपनी बोंडं देत होती, नाई असं नाई. पण हे म्हणत, बोंडं घातल्यावर पंपाची तक्रार कशी आयकू येईन? म्हणून ते बोंडं काढून खिशात ठेवत. धुण्याच्या वेळी मले सापडत, खिशात, कोरे करकरीत.

कान एका दिवसात नाई गेले. आधी टीव्ही मोठा झाला. मंग मी मागून हाक मारली तर वळून पाहणं बंद झालं. मंग रोजच विचाराले लागले, तू रागावली काहून? मी म्हणे, अवो, मी नाई रागावली, तुमाले आयकू जावं म्हणून मोठ्यानं बोलून राहिली. पण माणसाले तोंड दिसते ना जी, मोठ्यानं बोलणारं तोंड रागावल्यासारखंच दिसते. डाक्टर म्हणे आतल्या नसा गेल्या. मशीन आणलं कानाचं, तर त्यात बशीचा आवाज अन् माणसाचा आवाज सारखाच खणखणे, डोकं उठे. ठेवून देलं. पन्नाशी उलटली होती, कंपनीनं सांगतलं का आता तुमी घरी बसा. घरी बसले. म्हणजे खरंच बसले. अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसत, मोटरसायकली जात येत, सारं मुकं.

मंग हे स्विमिंग पूलचं काम कसं निघालं, ते सांगते. आपल्या नागपुरात आता हे नवीनच सुरू झालं आहे, बेशाकडे, वर्धा रोडकडे, बंगल्याबंगल्यात पोहाचं टाकं. आपलं ऊन तर तुमाले माहीतच आहे, मे महिन्यात नळाचं पाणी हाताले चटका देते, मंग ज्याच्यापाशी आहे तो बांधते टाकं. कंपनीतल्या एका जुन्या सोबत्यानं निरोप देला का एका बंगल्यातल्या टाक्याचा पंप सारखा बिघडून राहिला, तुमी पाहून या. हे म्हणे, मालक बोलन ते मले आयकू येणार नाई, तू चाल. म्हणून मी गेली. नुसती बोलाचालीसाठी गेली होती, पंपाशी माझा काय संबंध.

मले वाटे का टाकं एकदा भरलं म्हणजे झालं. तर तसं नसते. थांबलेलं पाणी उन्हात दोन-चार दिवसांत हिरवं होते. म्हणून त्याले फिरवत राहा लागते. पंप पाणी ओढते, रेती भरलेल्या मोठ्या डब्यातून गाळते अन् परत टाक्यात सोडते, असं दिवसभरात सारं पाणी फिरून आलं पाहिजे, कोपऱ्यातलंसुद्धा. अन् लोकायले काय वाटते, जेवढा मोठा पंप तेवढं साफ पाणी. उलटं आहे जी. तुमी चहा गाळता का नाई, हळूहळू ओतला तर पत्ती गाळणीत राह्यते, अन् भसकन ओतला तर पत्ती कपात. रेतीचंही तसंच. पाणी जोरात गेलं का रेतीत भोकं पाडून निघून जाते, मळ तसाच टाक्यात परत. छोटा पंप घ्या, जास्त वेळ चालवा, हळू चालवा. हे आता मी सांगते, तेव्हा मले कुठं माहीत होतं.

तर त्या पहिल्या दिवशी रंजूच्या बाबायनं पिशवीतून स्क्रू पिळायचा लांब पेचकस काढला. मेकॅनिक लोक असं करतात, पेचकसाचं टोक पंपावर टेकवायचं अन् मूठ कानाले लावायची, म्हणजे आतला आवाज सरळ कानात येते. त्यायनं सवयीनं मूठ कानाले लावली. अन् तसेच राहिले. मी त्यायचं तोंड पाहून राहिली होती. काहीच येत नव्हतं त्यायले. मंग माझ्याकडे न पाहता पेचकस माझ्या हातात देला, म्हणे आयक. मी म्हटलं मले काय समजते त्याच्यातलं. म्हणे समजू नको, वाजते कसं ते सांग. मी वाकली, मूठ कानाले लावली. वरून घूं घूं, मोटारीचं. अन् त्याच्या खाली, बाप्पा, मी तर एकदम भट्टीवरच जाऊन बसली. मी म्हटलं अवो, आत फुटाणे फुटून राहिले! त्यायले समजलं नाई. मंग मी ओंजळ करून हवेत उडवून दाखवलं, कढईतले उडतात तसे. अन् रंजूचे बाबा हसले. वर्षभरात हसले नव्हते ते असे हसले का मालकीणबाई आतून पाहाले आल्या. हे म्हणे, पंप उपाशी आहे. पाइप बारीक, पंप मोठा, त्याले हवं तेवढं पाणी भेटून नाई राहिलं, मंग आत बुडबुडे होतात अन् फुटतात, अन् फुटता फुटता आतलं चक्र कुरतडून टाकतात.

तेव्हापासून आमचं दोघांचं सुरू झालं. स्कूटरवर पुढे ते, मागे मी, मांडीवर पिशवी. मी आयकायचं अन् सांगायचं, त्यायनं तळहात पंपावर ठेवायचा अन् समजायचं. आमची एक भाषाच तयार झाली. मोटार नुसती घुमून राहिली, फिरत नाई, तर भुंगा. बेअरिंग गेलं असन तर रिकामं जातं, दाणा न टाकता फिरवलेलं. पाइपात हवा शिरली तर हुक्का. अन् सारं ठीक असन तर मी हात असा आडवा फिरवी, पाटी पुसल्यासारखा, म्हणजे साफ. सहा वर्षं अशी गेली. लोक फोनवर विचारत, त्या आवाजवाल्या बाई आहेत का? मले हसू ये. पण खोटं काहून बोलू, आवडेही.

आता जे सांगते ते मी माझ्या बहिणीयलेही नाई सांगतलं.

बेशाकडे एक बंगला होता. तिथल्या बाई शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, सारे त्यायले बाईच म्हणत, त्यायचा पोरगासुद्धा कधी कधी बाई म्हणे. त्यायले लकवा मारला होता, डावा हात अन् डावा पाय. डाक्टरनं सांगतलं का पाण्यात चाला रोज, पाण्यात अंग हलकं होते, पाय शिकन परत. म्हणून पोरानं, विवेकभाऊ त्याचं नाव, आईसाठी टाकं बांधलं. पायऱ्या, पायऱ्यांले स्टीलचा दांडा, सारं आईच्या सोयीनं. चांगला पोरगा आहे जी, मी आजही म्हणते. पण पंप लावला तीन हॉर्सपॉवरचा. अन् पाइप दीड इंची. रंजूच्या बाबायनं पहिल्याच दिवशी सांगतलं, भाऊ, हा बदला, पाऊण हॉर्सपॉवर खूप झाला तुमाले. तर विवेकभाऊ म्हणते, आईसाठी करून राहिलो काका, तिच्यासाठी लहान काहून लावू? मंग यायनं पुढचा व्हॉल्व अर्धा बंद केला, म्हणजे पंप जरा कमी ओढन, फुटाण्याचा आवाज उतरला, अन् दर पंधरा दिवसांनी आमी येऊन पाहू असं ठरलं. बाई रोज सकाळी उतरत. सुनंदा म्हणून एक बाई होती त्यायच्या देखभालीले, ती काठावर बसे अन् बाई दांडा धरून इकडून तिकडं, तिकडून इकडं. तोंडानं फेऱ्या मोजत. जीभ जरा जड झाली होती पण आकडा साफ.

चैत्र होता. त्या दिवशी आमी बाराच्या सुमाराले तिथं गेलो. अन् चार वाजता रंजूले पाहाले पाहुणे येणार होते. रंजूचं वय तिशीले टेकून राहिलं होतं, दोन ठिकाणून नकार आला होता, अन् हे पोरगं बुटीबोरीले नोकरीवर, घरचे चांगले. माझं सारं ध्यान घरी. पोहे भिजवायचे, चादर बदलायची, रंजू एकटीच, तिले साडी नीट बसत नाई. मी पेचकस कानाले लावला. अन् आयकलं. साफ आयकलं जी. फुटाणे तर होतेच, त्याच्यासोबत घर्र घर्र, रिकामं जातं. बेअरिंग चाललं होतं. रंजूच्या बाबायनं तळहात ठेवला होता, ते म्हणे, मले काहीतरी वेगळं लागून राहिलं, तू नीट आयक. मी परत कान लावला, उगाच. मले माहीत होतं का मी सांगतलं तर हे इथंच पंप खोलून बसतीन, तीन तास गेले. अन् मी हात आडवा फिरवला. साफ. त्यायनं माझ्याकडे एकदा पाह्यलं. मंग हात काढून घेतला, अन् नळावर धुतला.

मी मनाशी म्हटलं, उद्या येऊ काहीतरी सांगून. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा होकार आला. मंग काय, फोन, पेढे, ह्याले सांग त्याले सांग. बंगला माझ्या डोक्यातून निघून गेला. मी विसरली, असं नाई म्हणत. आठवे, अन् मी बाजूले सारी.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी पंप बंद पडला. पंपाची खोली मागच्या बाजूनं, विवेकभाऊ बाहेरगावी, कोणाच्या ध्यानात आलं नाई. वर ऊन असं. पाणी आधी ताकासारखं झालं, मंग हिरवट. सुनंदानं म्हटलं होतं का बाई आज नको. पण बाई आयकणाऱ्या नव्हत्या, म्हणे एक दिवस खाडा केला का पाय लाकूड होते. उतरल्या. शेवटची पायरी दिसली नाई. वाटलं तळ आला, अन् पाऊल पुढं टाकलं, दांड्यावरचा हात सुटला, अन् गेल्या खाली. सुनंदानं उडी मारली कपड्यानिशी, म्हणून वाचल्या. नाकातोंडात पाणी गेलं होतं. दवाखान्यात ठेवा लागलं दोन दिवस.

फोन माझ्याच कानाले आला. आमच्या घरी फोन मीच उचलते ना. विवेकभाऊ ओरडून राहिला होता, बहिऱ्या माणसाले मी पंप आयकाले ठेवलं, माझीच अक्कल गेली होती. समोर रंजूचे बाबा उभे, मले विचारून राहिले, काय म्हणते, काय म्हणते? मी सांगतलं पंप बंद पडला अन् बाई पडल्या. बहिरा शब्द मी गिळून टाकला. आमी गेलो. यायनं पंप खोलला, बेअरिंग जळून चिकटलं होतं. विवेकभाऊ समोर येऊन उभा राहिला अन् एक एक शब्द हळू बोलला, यायले ओठावरून समजावा म्हणून. माझ्या आईचा जीव गेला असता काका. यायनं हात जोडले. म्हणे, चूक माझी आहे. हाताले लागलं होतं, मी सोडून देलं. अन् मी तिथंच उभी, खांद्याले पिशवी. नुसता पेचकस उचलून पिशवीत भरला. काय बाई मी.

त्याच्यानंतर यायनं काम बंद केलं. फोन आला तर मले खुणेनं म्हणत, नाई म्हण. अन् एक नवीनच सुरू झालं. घरात फिरत अन् फ्रिजवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहत. मंग मिक्सर चालू कराले लावत, त्याच्यावर हात. मंग पाणी चढवायच्या मोटारीवर. मी विचारलं काय करून राहिले? म्हणे, पाहून राहिलो, हाताले समजते का नाई ते. कान गेले तेव्हा मनाले म्हटलं होतं का हात आहे. आता हातही गेला.

अन् परत जाऊन फ्रिजवर हात ठेवला.

मले ते पाहवलं नाई. मी गॅस बंद केला अन् त्यायच्या समोर जाऊन उभी राहिली. आता बहिऱ्या माणसापुढं चूक कबूल करायची म्हणजे ओरडूनच करा लागते. हळू आवाजात, पदर तोंडाले लावून, असं काही होत नाई. मी ओरडून म्हटलं, मी खोटं बोलली. मले आयकू आलं होतं. बेअरिंग वाजून राहिलं होतं, रंजूचे पाहुणे येणार होते म्हणून मी साफ म्हटलं. भिंतीपलीकडे शेजारीण भांडे घासून राहिली होती, तिचं घासणं थांबलं. यायले समजलं होतं, मी पाह्यलं डोळ्यांत, तरी म्हणे परत सांग. मी परत ओरडली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मले रडू फुटलं.

पहिला शब्द काय बोलले माहीत आहे? म्हणे, मंग माझा हात बरोबर होता. मी मान हलवली. बराच वेळ आपला तळहातच पाहत राहिले. मले वाटलं आता शिव्या देतीन, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाई देल्या. पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाई. जेवले, पाणी घेतलं, पण माझ्या तोंडाकडे पाह्यलं नाई, अन् तोंडाकडे पाह्यलं नाई म्हणजे मी काही सांगूच शकत नाई त्यायले. तुमाले समजलं का? त्यायनं डोळे फिरवले का माझा आवाजच बंद. चौतीस वर्षांच्या संसारात ते दोन दिवस मी मुकी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घातला अन् म्हणे, चाल. बाईले सांगा लागते.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. विवेकभाऊ होताच. मी सांगतलं सारं, काही नाई ठेवलं. विवेकभाऊ ताडकन उठला, म्हणते काकू, तुमी? मी समजत होतो का काकांची चूक. बाईनं चांगला हात वर केला, म्हणे थांब. मंग मले म्हणे, पाहुण्यांनी काय कळवलं? मी म्हटलं, होकार आला बाई. त्यायचं तोंड अर्धंच हसते, तसं हसल्या. मंग हसू गेलं. म्हणे, इंदू, मी खाली गेले तेव्हा मला वाटलं, संपलं. तुझ्यावर मला राग आहे. तो आज लगेच जाणार नाही. मी खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, नका सांगू बाई. अन् खरं सांगू, त्यायनं माफ केलं म्हटलं असतं तर मले एवढं बरं नसतं वाटलं.

मंग त्यायनं कागद मागवला. म्हणे, पंप बिघडला काहून ते तर समजू द्या. रंजूच्या बाबायले लिहून विचारलं, यायनं लिहून सांगतलं. दोघंही कागदावर, मी अन् विवेकभाऊ नुसते पाहून राहिलो. लांबी चोवीस फूट, रुंदी बारा, खोली चार. बाईनं गुणाकार केला, लिटर काढले, बत्तीस हजारांच्या वर आले. सहा तासांत एकदा फिरवायचं तर तासाले साडेपाच हजार. मंग विचारलं, तीन हॉर्सपॉवरचा किती फिरवते? यायनं लिहिलं, पाणी पुरं भेटलं तर तासाभरातच सारं टाकं, पण दीड इंची पाइपातून तेवढं येतच नाई. बाईनं पेन्सिल खाली ठेवली अन् पोराकडे पाह्यलं, शाळेत पाहत असतीन तसं. म्हणे, विवेक, हे तू मला आधीच विचारायचं होतं. विवेकभाऊ म्हणते, आई, मले वाटलं तुझ्यासाठी मोठं पाहिजे. बाई म्हणाल्या, कळलं रे. माझ्या पायाला मोठं पाणी नको, तळ दिसणारं पाणी हवं.

पाऊण हॉर्सपॉवरचा पंप बसवला. अन् यायनं आणखी एक पाह्यलं. टाक्याच्या भिंतीपाशी कडुलिंब होता, त्याचा मोहर पाण्यात पडे, अन् सारा मोहर पायऱ्यांच्या कोपऱ्यात येऊन थांबे. म्हणजे तिथलं पाणी फिरतच नव्हतं, जिथं बाईचं पाऊल पडते तिथंच. पाणी आत येते त्या तोंडाले चेंडूसारखी गोळी असते, ती फिरवली का पाण्याची दिशा बदलते. यायनं ती पायऱ्यांकडे वळवली, जराशी खाली. बाई खुर्ची टाकून काठावर बसल्या अन् मोहर पाहत राहिल्या. आधी काही नाई. मंग एक फूल हललं, मंग दोन, मंग सारा पुंजका कोपऱ्यातून हळूहळू निघाला, भिंतीच्या कडेकडेनं फिरत फिरत पलीकडच्या जाळीत गेला. बाई म्हणाल्या, निघाला. एवढंच.

चार-पाच दिवसांत पाणी असं झालं का तळाच्या टाइलची रेघ न् रेघ मोजावी. पण बाई उतरेनात. पहिल्या पायरीपर्यंत येत अन् परत जात. विवेकभाऊ म्हणे मी सोबत उतरतो, सुनंदा म्हणे मी धरते, नाई. एक दिवस मले म्हणाल्या, इंदू, तू उतर आधी. मी कशी उतरू जी? सहा वर्षं मी टाक्यांच्या काठावर बसली, एवढ्या बंगल्यांत गेली, पण पाण्यात कधी पाय नाई टाकला, ते आपलं नाई असंच डोक्यात. अन् वर नऊवारी नसली तरी पाच वारी साडी अंगावर. पण बाई पाहून राहिल्या होत्या. मी चप्पल काढली, साडी खोचली, अन् उतरली. एक पायरी, दोन, तीन. पाणी कमरेले आलं तशी साडी फुगून वर आली, मले लाज वाटली अन् हसूही आलं. शेवटच्या पायरीवर मी खाली पाह्यलं. माझे पाय असे साफ दिसले, बोटं, बोटातले जोडवे. मी म्हटलं, बाई, माझे जोडवे दिसून राहिले. तुमी वरून पाहा. त्यायनं वाकून पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मंग दांडा धरला, दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला, अन् उतरल्या. खांद्यावर केवढं वजन टाकलं होतं. तळाले पाय लागला तेव्हा म्हणाल्या, एक.

रंजूचे बाबा पंपाच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यायनं मले लांबूनच खुणेनं विचारलं, आवाज कसा? मी पाण्यातून कान देला. नुसती बारीक घरघर, मांजर पोटाशी घेऊन बसावं तशी. मी हात नाई फिरवला, ओरडूनच सांगतलं, चांगला आहे, खरंच चांगला आहे! विवेकभाऊ तिथंच उभा होता, त्यानं मान खाली घातली. नंतर रंजूच्या लग्नाले आला, बाईले घेऊन, व्हीलचेअरवर नाई, काठीवर. यायच्या पाया पडला.

आता याले तीन वर्षं झाली. रंजू बुटीबोरीले सुखी आहे, पोट्टी झाली तिले, मले नात, रविवारी घेऊन येते. बाई चालतात अजून पाण्यात, माझ्यावरचा राग गेला का नाई ते मी विचारलं नाई, त्यायनंही सांगतलं नाई, पण मी गेली का चहा पाजल्याशिवाय सोडत नाई. अन् आमचं काम चालू आहे. आमी जिथं जातो तिथं पहिले हेच सांगतो का मोठा पंप काढा. अर्धे लोक आयकतात, अर्धे नाई आयकत. नाई आयकत त्यायच्या टाक्यावर आमी जास्त वेळा जातो.

एक मात्र नवीन झालं आहे. गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या कानात भुणभुण होते. आधी मले वाटलं, कुठंतरी मोटार चालू राहिली. डाक्टरनं तपासलं, म्हणे वयानं होते, वाढनही हळूहळू. मी त्याच दिवशी घरी आली अन् यायच्या समोर उभी राहून ओरडून सांगतलं, माझ्या कानात आवाज होऊन राहिला. हे म्हणे, कोणत्या बंगल्यातला? मी म्हटलं, बंगल्यातला नाई, माझ्याच डोक्यातला. आधी हसले, मंग माझी बाही ओढून शेजारी बसवलं. म्हणे, डावा तर आहे ना अजून. मी म्हटलं, आहे.

असं आहे जी. जेवढं आहे तेवढं आहे, जाईन तेव्हा जाईन, पण आता कोणी विचारलं तर जे आयकू येते तेच सांगते, अन् नाई आलं तर नाई म्हणते. तुमी एवढा वेळ बसले, न कंटाळता आयकलं, देव तुमचे कान असेच शाबूत ठेवो. आता जरा मोठ्यानं बोला बरं, उजवीकडून बसले तुमी. चहा घेता का सरबत?